दहा पौंडांचं घर

दिवस पहिला

“स्मशानाला लागून घर? आणि ते बघायला आपण चाललोय?”

व्हिक्टोरिया स्टेशनवर गाडीत बसल्याबसल्या बाबांनी हा प्रश्न टाकला आणि लुइस स्टेशन येईपर्यंत सोडला नाही. बाबा राजापूर तालुक्यातले. जिल्हा परिषदेच्या बांधकाम खात्यात ओव्हरसियर म्हणून उभी नोकरी काढली, आता निवृत्त होऊन तीन महिन्यांसाठी माझ्याकडे लंडनला आलेत. टॉवर ब्रिज, बकिंगहॅम पॅलेस, सेंट पॉल्स सगळं पहिल्या दोन आठवड्यांत उरकलं. प्रत्येक ठिकाणी शेरा एकच: “पैसा होता, दगड होता, बांधलं. त्यात काय?” म्हणून या खेपेला मुद्दाम राजाचं नसलेलं, उमरावाचं नसलेलं, कुडाच्या भिंतींचं आणि गवताने शाकारलेलं एक घर शोधून काढलं. ईस्ट ससेक्समधल्या आल्फ्रिस्टन गावातलं क्लर्जी हाउस. क्लर्जी हाउस म्हणजे चर्चच्या पुजाऱ्याचं घर. ते चर्चयार्डला खेटून आहे, एवढं मात्र बोलायला नको होतं.

लुइसला गाडी बदलून बर्विकला उतरलो. स्टेशन अगदी छोटं. तिथून आल्फ्रिस्टन पाचेक किलोमीटर. गावातले स्वयंसेवकच चालवतात अशी एक छोटी बस आहे. चालवणारे आजोबा बाबांच्याच वयाचे निघाले. दोघांनी एकमेकांकडे बघून मान डोलावली, बोलले काहीच नाहीत. रस्त्याच्या एका बाजूला साउथ डाउन्सच्या टेकड्या. खडूच्या टेकड्या या, वर हिरवं लुसलुशीत गवत आणि जिथे खरवडलं तिथे पांढरंशुभ्र. जून नुकताच लागलेला. बाबा म्हणाले, “आपल्याकडे माती लाल, यांच्याकडे पांढरी. शाळेतला खडू इथूनच यायचा की काय?”

खोलीवर सामान टाकलं आणि घराकडे निघालो. गावाच्या एका अंगाला द टाय नावाचं मोठं हिरवं मैदान आहे, त्याच्या कडेला उंचवट्यावर सेंट अँड्र्यूचं चर्च, आणि चर्चपलीकडे आपलं घर. फाटक बंद. आज घर उघडं नसतं अशी पाटी. चूक सर्वस्वी माझी, उघडण्याचे दिवस आधी बघायला हवे होते. परवा उघडणार. बाबा काही बोलले नाहीत. फक्त “हं” म्हणाले. नोकरीत कंत्राटदाराने सिमेंट कमी टाकलं की असाच “हं” निघायचा म्हणे.

पण त्या चुकीमुळे एक बरं झालं. आत जाता येत नाही म्हटल्यावर आम्ही चर्चयार्डमधल्या बाकावर बसलो आणि तासभर घर नुसतं बाहेरून बघत राहिलो. एरवी कोण बघतं?

आधी चर्चयार्डाबद्दल. आपल्याकडे स्मशान गावाबाहेर, नदीच्या नाहीतर ओढ्याच्या काठी, आणि तिकडून आलं की आधी आंघोळ. इथे मेलेले गावाच्या मध्यातच. कलत्या शिळा, त्यांवर पिवळं-करडं शेवाळ, नावं वाऱ्यापावसाने पुसट. मधल्या पायवाटेवरून एक बाई कुत्रं फिरवत होती. दोन पोरं शिळांच्या आडून लपाछपी खेळत होती. शेजारच्या बाकावर एक जोडपं सँडविच खात बसलेलं. बाबा थोडा वेळ अवघडून बसले आणि मग स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, “म्हणजे इथे कुणाला सोडून यायचं नसतंच. जातायेता भेटतातच.” त्यानंतर त्यांनी स्मशानाचा विषय काढला नाही.

आता घर. लांबुळकं, बुटकं, आणि त्याच्यावर गवताचं एवढं मोठं छप्पर की भिंतींपेक्षा छप्परच जास्त. ओकच्या लाकडाचा सांगाडा बाहेरूनच दिसतो: उभे खांब, आडव्या तुळया, आणि मधल्या चौकोनांत पांढरा गिलावा. हा नमुना वील्डन हॉल-हाउसचा. केंट आणि ससेक्समधल्या वील्ड नावाच्या जंगलपट्टीत चौदाव्या-पंधराव्या शतकात बऱ्यापैकी खाऊनपिऊन सुखी असलेल्या शेतकऱ्यांनी अशी घरं बांधली. मध्ये उंच मोकळा हॉल आणि दोन्ही टोकांना दुमजली खोल्या. टोकाच्या खोल्यांचा वरचा मजला खालच्यापेक्षा थोडा पुढे येतो, सज्जासारखा. मधल्या हॉलला वरचा मजलाच नाही, त्यामुळे तिथली भिंत मागे राहते. छप्पर मात्र तिन्ही भागांवर एकाच सरळ रेषेत. मग मधल्या भागात छपराची कड भिंतीच्या पुढे अधांतरी येते आणि ती पेलायला खांबांतून दोन वाकडे टेकू निघतात, हात वर करून कोणी ओझं धरावं तसे.

बाबांनी ते वाकडे टेकू पाहिले आणि उठून कुंपणापर्यंत गेले. “अगो, हे वाकवलेलं लाकूड नाही. झाड असंच वाढलेलं. जंगलात फिरून बाकदार फांदी शोधून काढली असणार त्या सुताराने.” आणि बरोबर तसंच होतं. इथले जुने सुतार सांध्याच्या आकाराची झाडं निवडत. सरळ लाकूड कापून वाकडं केलं तर तंतू तुटतात, वाकडं वाढलेलं मजबूत राहतं.

मग त्यांनी बोट केलं ते वळचणीकडे. छपराला पन्हळ नाही. गवताच्या जाड कडेवरून पाणी थेट जमिनीवर पडतं, भिंतीपासून हातभर लांब. “आढ्याचं पाणी वळचणीला,” बाबा म्हणाले. ही म्हण आम्ही पैशाच्या आणि माणसांच्या गोष्टी बोलताना वापरतो. प्रत्यक्ष आढं आणि वळचण समोर ठेवून मी ती पहिल्यांदाच ऐकली.

साडेनऊपर्यंत उजेड होता. उठताना बाबांनी खिशातून तीन मीटरची टेप काढली (हो, ती घेऊन ते विमानात बसले होते) आणि चर्चयार्डच्या भिंतीची जाडी मोजली. चकमकीच्या दगडांची भिंत. खडूच्या टेकड्यांत हे काळे गोटे सापडतात, फोडले की आतून काचेसारखे. मोजमाप मला सांगितलं नाही, डायरीत लिहिलं.

दिवस दुसरा

रिकामा दिवस, म्हणून आजूबाजूची गावं. यातलं बरंचसं भराभर सांगते, कारण बाबांचं लक्ष सगळा वेळ परवाच्या घराकडेच होतं. परवाच्या म्हणजे उद्याच्या.

सकाळी बर्विक गावातलं चर्च. स्टेशन बर्विकचं असलं तरी गाव त्याच्यापासून बरंच बाजूला, टेकडीच्या पायथ्याशी. या साध्या खेडेगावातल्या चर्चच्या भिंती डंकन ग्रँट, व्हेनेसा बेल आणि तिचा मुलगा क्वेंटिन बेल या चित्रकारांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात रंगवल्या. चिचेस्टरचे बिशप जॉर्ज बेल यांनी ते काम दिलं होतं. १९४३ मध्ये पूर्ण झालं. येशूच्या जन्माच्या चित्रातला गोठा ससेक्समधलाच आहे आणि मागे दिसतात त्याही इथल्याच टेकड्या. मुख्य चित्रात गुडघे टेकलेले एक सैनिक, एक खलाशी आणि एक वैमानिक आहेत. गावातल्याच माणसांना समोर बसवून रंगवलेले. त्यातला सैनिक पुढच्या वर्षी फ्रान्समध्ये मारला गेला. बाबा त्या चित्रासमोर बराच वेळ उभे होते. आमच्या पंढरपूरच्या वारीच्या चित्रांतही विठोबा कोकणी पंचा नेसलेला का नसतो, असा एक भलताच प्रश्न त्यांनी बाहेर आल्यावर विचारला.

दुपारी विल्मिंग्टन. इथल्या टेकडीच्या उतारावर दोन्ही हातांत काठ्या धरलेल्या माणसाची रेषाकृती आहे, लाँग मॅन म्हणतात, उंची सुमारे ७० मीटर. लोक त्याला हजारो वर्षं जुना समजत होते. २००३ मध्ये झालेल्या उत्खननावरून तो सोळाव्या-सतराव्या शतकातला असावा असं दिसलं. जुनं म्हटलेलं सगळंच जुनं नसतं. उलट त्याच गावच्या चर्चयार्डमध्ये एक यूचं झाड आहे, ते मात्र १६०० वर्षांचं असावं असा अंदाज आहे. खोड दुभंगलेलं, फांद्यांना लाकडी टेकू, मध्ये साखळदंड. कबरींच्या शिळा मुळांनी तिरक्या केल्यात. आपल्याकडे देवराईतल्या झाडाला कुणी कुऱ्हाड लावत नाही, तसं चर्चयार्डातलं झाड इथे राहून गेलं. पानं आणि बिया विषारी आहेत, हात लावल्यावर बाबांना मी सांगितलं. “मग आधी सांगायचं,” म्हणाले आणि रुमालाला हात पुसले.

संध्याकाळी गावात परत. आल्फ्रिस्टनची मुख्य गल्ली इतकी अरुंद की दोन मोटारी समोरासमोर आल्या की एकीला मागे जावं लागतं. चौकात बाजाराच्या जुन्या क्रॉसचा उरलेला बुंधा आहे. द स्टार नावाच्या जुन्या खानावळीच्या कोपऱ्यावर लाल रंगाचा लाकडी सिंह; एका डच जहाजाच्या नाळेवरचा तो पुतळा होता, किनाऱ्यावरून कुणीतरी आणून इथे लावला. समुद्र इथून चार-पाच किलोमीटरवर, ककमिअर नदीच्या मुखाशी. रात्री नदीतून चोरटा माल वर यायचा, त्या काळच्या गोष्टी गावात अजून सांगतात. आम्ही मात्र चर्चकडे वळलो, कारण घंटा वाजत होत्या.

दार उघडं होतं. सरावाचा दिवस असावा. हे चर्च चारही बाजूंना सारख्या लांबीच्या बाहूंचं आहे, म्हणजे अधिक चिन्हासारखं, आणि घंटांचे दोर वरून थेट मधोमध लोंबतात. वाजवणारी माणसं भिंतीआड लपलेली नसून सगळ्यांसमोर गोल करून उभी. सहा जण, एकाचा दोर खाली की दुसऱ्याचा वर. चर्च कुठे बांधायचं याची एक दंतकथा सांगतात: आधी दुसऱ्या जागी दगड आणून ठेवले, तर रोज रात्री ते उडून टायवर येऊन पडायचे, मग इथे चार पांढरे बैल शेपटीला शेपटी लावून बसलेले दिसले, त्यांचा अधिक चिन्हासारखा आकार झाला, म्हणून इथे आणि असं बांधलं. बैलांनी जागा दाखवायची ही गोष्ट आमच्या गावच्या देवळाबद्दलही आहे. फरक एवढाच की आमच्याकडे गाय होती आणि ती पान्हा सोडत होती.

दिवस तिसरा

अखेर फाटक उघडलं.

आत शिरताच पहिली गोष्ट जाणवते ती पायाखाली. जमीन लाकडाची नाही, दगडाचीही नाही. खडूचा चुरा पसरून, ओला करून, चोपून चोपून केलेली ही जमीन, आणि तिच्यावर आंबलेल्या दुधाचा हात दिलेला. ससेक्सची जुनी पद्धत. दुधातलं केसीन खडूतल्या चुन्याशी धरतं आणि वर कडक, किंचित चमकदार थर तयार होतो. घरात असलेल्या स्वयंसेवक बाईंनी हे सांगितल्यावर बाबा एकदम खाली वाकले, बोटाने जमीन चाचपली आणि उठून त्यांना त्यांच्या ऑफिसातल्या इंग्रजीत सांगू लागले की आमच्याकडे हेच शेणाने करतात. चोपणीने बडवायचं, मग सारवायचं, दर आठ-पंधरा दिवसांनी पुन्हा. बाईंनी विचारलं, वास येत नाही का? बाबा म्हणाले, तुमच्या दुधाला येत नाही का? दोघंही हसले. त्यानंतर त्या बाई आमच्या अशा मागे लागल्या की बाकीच्या पाहुण्यांकडे त्यांनी फारसं पाहिलंच नाही.

हॉल म्हणजे घराचं काळीज. वर माळा नाही, नजर थेट आढ्याला भिडते. भिंतीपासून भिंतीपर्यंत एक जाडजूड तुळई, तिच्या मध्यावर उभा एक आखूड खांब, त्या खांबातून चारी दिशांना फुटलेले बाक आणि त्यांवर वासे. आता धुराडं आहे, पण ते नंतरचं. मुळात अशा घरात शेगडी हॉलच्या मधोमध, जमिनीवर उघडी पेटायची आणि धूर वर चढून छपरातल्या फटींमधून, टोकांच्या झरोक्यांतून निघून जायचा. शेकडो हिवाळ्यांची काजळी वाशांवर बसायची. त्यात एक फायदाही होता. धुराने लाकडाला कीड लागत नाही आणि गवतात उंदीर-किडे राहत नाहीत. आमच्या आजीच्या चुलीवरच्या माळ्यावर भाताचं बियाणं आणि कोकमं याच कारणाने टांगलेली असत.

बाबा मान वर करून वासे मोजायला लागले. खाल्ल्या घरचे वासे मोजू नयेत म्हणतात. मी आठवण करून दिली. “इथे कुठे आपण जेवलोय?” म्हणाले आणि मोजत राहिले.

पण त्यांचा खरा जीव अडकला तो सांध्यांत. लोखंडाचा खिळा कुठे नाही. एका लाकडाला जीभ, दुसऱ्याला खाच, जीभ खाचेत बसवायची आणि आरपार भोक पाडून ओकचीच खुंटी ठोकायची. दोन्ही लाकडांची भोकं जाणूनबुजून किंचित सरकवून पाडत, म्हणजे खुंटी आत जाताना सांधा आपोआप आवळला जातो. आणि लाकूड वापरायचं ते ओलंच. ओक वाळला की लोखंडासारखा होतो, हत्यार चालत नाही; म्हणून तोडल्यावर लगेच कापून सांगाडा उभा करायचा आणि तो घरातच वाळू द्यायचा. वाळताना लाकूड पिळवटतं. सगळं घर थोडं वाकडं होतं आणि सांधे आणखी घट्ट बसतात. आज ही घरं वाकलेली दिसतात ती म्हातारपणाने नव्हे. पहिल्या काही वर्षांतच ती तशी झाली.

“आमच्या घराचा खांब फणसाचा होता,” बाबा म्हणाले. “तुळया किंजळाच्या. तिथेही खिळा नव्हता. आमच्या आजोबांनी सुतार आणला होता लांज्याहून, दोन पावसाळे तो आमच्याच पडवीत राहिला.” पुढे ते काही बोलले नाहीत. ते घर २००८ मध्ये आम्ही पाडलं. हे मला माहीत आहे, कारण त्या सुट्टीत मी होते. स्लॅबचं घर हवं होतं, सगळ्यांनाच हवं होतं. नकाशा बाबांनीच काढला.

भिंतींचं काम तर हुबेहूब आपलं. खांबांच्या मधल्या चौकोनात उभ्या काठ्या, त्यांत आडव्या लवचिक काटक्या विणायच्या, आणि दोन्ही बाजूंनी माती, शेण, गवताचा भुसा यांचा लगदा थापायचा. वर चुना. आपण याला कुड म्हणतो. सह्याद्रीच्या अंगाला कारवीचा, खाली बांबूचा. इंग्लंडमध्येही शेण असायचं याचं बाबांना कोण समाधान.

हॉलच्या एका टोकाला मालकाची बाजू, दुसऱ्या टोकाला कोठीची. कोठीच्या बाजूला दोन लहान खोल्या असत: एक भाकरी-पावाची, पँट्री, आणि दुसरी पेयांची, बटरी. बटरीचा लोण्याशी काही संबंध नाही; पिंपाला जुन्या भाषेत बट म्हणत, त्यावरून बटरी. आपल्या घरातली ओटी, माजघर, कोठी यांची जशी ठरलेली रांग, तशीच ही.

आता घर कुणाचं, याबद्दल. नाव पुजाऱ्याचं असलं तरी ते मुळात शेतकऱ्याचं घर म्हणून बांधलं गेलं असं मानतात. पुढे चौदाव्या शतकाच्या अखेरीला चर्चच्या वापरात आलं. तेव्हा पूर्वेकडचा भाग बदलून तिथे वेगळी बांधणी केली, जिला बाकीच्या घरातून वाट नव्हती. कारण सांगतात ते मोठं मजेशीर. त्या काळी इंग्लंडमधले पुजारी कॅथलिक, लग्न न करणारे. पण स्वयंपाकपाण्याला कुणीतरी बाई लागणारच. मग तिची खोली वेगळी, तिचं दार वेगळं, म्हणजे गावाने बोट दाखवायला नको. बाबा म्हणाले, “गाव बोट दाखवायचं थोडंच थांबतं?”

सोळाव्या शतकात इंग्लंडचं चर्च रोमपासून तुटलं, पुजारी लग्नं करू लागले, त्यांना मोठी घरं हवी झाली. हे घर चर्चच्या मालकीचं राहिलं, पण बराच काळ भाड्याने दिलेलं. शेतमजूर राहून गेले. भाडेकरू बदलत गेले, दुरुस्ती कुणीच केली नाही, आणि एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी छप्पर खचलेलं, भिंती उघड्या पडलेल्या, असं ते झालं. १८८५ मध्ये ते पाडायची परवानगीही मिळाली होती. वाचलं ते एका म्हातारीमुळे. आत राहणारी शेवटची भाडेकरू बाई म्हणाली, मला इथेच मरू द्या. ती १८८८ मध्ये गेली. तोवरच्या त्या दोन-तीन वर्षांत पाडापाडी थांबली, आणि गावचे व्हिकार, म्हणजे चर्चचे पुजारी, एफ. डब्ल्यू. बेनन यांना घराचं मोल कळलं. त्यांनी धावपळ सुरू केली. मला या सगळ्या गोष्टीत सगळ्यात आवडते ती ही म्हातारी. वास्तुरक्षण वगैरे तिच्या मनात कुठलं? तिला फक्त घर सोडायचं नव्हतं.

बेननसाहेब आधी गेले ते १८७७ मध्ये विल्यम मॉरिसने सुरू केलेल्या प्राचीन वास्तूंच्या रक्षणाच्या संस्थेकडे. त्यांच्याकडे सल्ला होता, पैसे नव्हते. मग १८९५ मध्ये जुन्या वास्तू आणि निसर्गाच्या जागा जपणारा नॅशनल ट्रस्ट स्थापन झाला: ऑक्टेव्हिया हिल, रॉबर्ट हंटर आणि पुजारी हार्डविक रॉन्सली हे तिघे त्याचे आधारस्तंभ. ऑक्टेव्हिया हिल या लंडनच्या गरीब वस्त्यांमधल्या घरांसाठी आयुष्य वेचलेल्या बाई. पडकं घर म्हणजे काय हे त्यांना शिकवावं लागलं नसणार. १८९६ मध्ये ट्रस्टने हे घर विकत घेतलं. किंमत दहा पौंड. ट्रस्टने विकत घेतलेली ही पहिली वास्तू. आज त्यांच्याकडे ऐतिहासिक घरं, किल्ले, बागा मिळून ५०० हून जास्त जागा आहेत.

“दहा पौंडात घर, आणि दुरुस्तीला?” बाबांनी विचारलं. बाईंनी हात पसरून दाखवले. त्याच्या कितीतरी पट. घर पाहावं बांधून म्हणतात ते अर्धंच खरं आहे, पाहावं दुरुस्त करून असं म्हणायला हवं. दुरुस्तीचं काम वास्तुविशारद आल्फ्रेड पॉवेल यांच्याकडे होतं आणि मॉरिसच्या संस्थेचं तत्त्व त्यामागे होतं: दुरुस्त करा, नटवू नका. कुजलेलं तेवढंच काढा, नवं घाला, पण नव्याला जुन्याचं सोंग देऊ नका. बाबांनी हे मला दोनदा सांगायला लावलं. मग म्हणाले, “ठिगळ दिसलं तरी चालेल, पण ठिगळ नाहीच असं म्हणायचं नाही. बरोबर आहे. आम्ही सरकारी इमारतींना प्लास्टर करून भेगा झाकायचो.”

हॉलमध्ये तुळईच्या जवळ कोपऱ्यात ओकच्या पानांचं एक बारीकसं कोरीवकाम आहे. बाई बोट दाखवेपर्यंत दिसत नाही. ट्रस्टचं आजचं चिन्ह म्हणजे ओकची डहाळी, जोसेफ आर्मिटेजने १९३६ मध्ये काढलेली. ती या पानांवरून सुचली असावी असं म्हणतात. असेल, नसेल. पण ज्या कुणी ती पानं कोरली त्याला त्यांचे पैसे मिळाले असतील असं मला वाटत नाही. काम संपलं, लाकूड उरलं, हात मोकळा होता, कोरली. बाबा म्हणाले, आमच्या लांज्याच्या सुतारानेही देवघराच्या चौकटीवर मोर कोरला होता, कुणी सांगितला नव्हता.

मागे बाग आहे. १९२० च्या दशकात सर रॉबर्ट विट इथे भाड्याने राहत. कलेचा इतिहास शिकवणाऱ्या लंडनच्या कोर्टोल्ड इन्स्टिट्यूटच्या संस्थापकांपैकी एक. बागेची आखणी त्यांची. बागेपलीकडे ककमिअर नदी वळण घेत जाते. इथून घर उलट्या बाजूने दिसतं, आणि त्याच्यामागे चर्चचा मनोरा. चौदाव्या शतकातच प्लेगने इंग्लंडची निम्मी-अर्धी माणसं नेली, १३४८-४९ मध्ये. चर्चही त्याच शतकातलं. एवढी माणसं गेल्यावर उरलेल्यांनी आधी काय केलं असेल, तर घर बांधलं आणि चर्च बांधलं. कदाचित मजूर महागले होते, म्हणून एखाद्या शेतकऱ्याला उलट बरे दिवस आले असतील. इतिहासात अशाही गोष्टी आहेत.

निघताना बाबांनी बाईंना विचारलं, छपराचं गवत किती वर्षांनी बदलता? त्यांनी सांगितलं की आढ्यावरचा कडा दहा-पंधरा वर्षांनी, खालचं त्याहून कितीतरी जास्त टिकतं. बाबांनी सांगितलं, आमच्याकडे शाकारणी दरवर्षी, पावसाळ्याआधी. “दरवर्षी?” बाईंच्या भुवया वर गेल्या. “तुमचा पाऊस बघितलाय मी,” बाबा म्हणाले, “तो पाऊस नाही. तो शिंतोडा.”

दिवस चौथा

गाडी अकराची होती. सकाळी चहा पिऊन बाबा एकटेच चर्चयार्डात जाऊन आले. परत आले तेव्हा पँटला खालून दव लागलेलं आणि डायरीत दोन पानं भरलेली: घराचा कच्चा नकाशा, वाशांची संख्या, वाकड्या टेकूंची आकृती. चर्चयार्डच्या भिंतीची जाडीही होती. मी विचारलं, हे कशाला? “असू दे,” म्हणाले.

बर्विकच्या फलाटावर गाडीला वीस मिनिटं होती. भारतात तेव्हा दुपार. बाबांनी गावाला काकांना फोन लावला. पाऊस आला का, आंबे किती राहिले, दादाच्या गुडघ्याचं काय झालं, ही सगळी चौकशी झाली. मग म्हणाले, “ऐक, गोठ्याच्या मागे आपण ते दोन खांब ठेवले होते. फणसाचे. आहेत का अजून?”

काका काय म्हणाले ते मला ऐकू आलं नाही.

“वाळवी नाही ना लागली? बघून ये. नाही, आत्ता बघून ये. मी धरतो फोन.”

गाडी आली तरी त्यांनी फोन कानालाच धरला होता.